व्यसनमुक्तीचे यश नेमके कशावर मोजायचे?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेल्या माणसाने पुन्हा एकदा दारू घेतली, की 'सगळा खर्च पाण्यात गेला' असा निकाल देऊन आपल्याकडे सगळे मोकळे होतात. माझ्या चुलतभावाच्या बाबतीत सध्या हेच चालले आहे. केंद्रातून आल्यावर तो नियमित कामावर जाऊ लागला, मुलांची थकलेली फी भरली, पोळ्याच्या संध्याकाळी मात्र जुन्या मित्रांबरोबर बसला, आणि त्यानंतर मधले चांगले महिने कोणाच्याच हिशेबात राहिले नाहीत. 'आता याच्यावर एक रुपयाही घालणार नाही,' असे काकांनी भावकीसमोर सांगून टाकले.

माझे मत असे, की 'एक थेंबही नाही' हे एकच माप धरले तर बहुतेक माणसे नापास ठरतील आणि नापास होण्याच्या भीतीने खरे सांगणेही बंद करतील. पण हे केवळ माझे मत आहे. या विषयावर जे संशोधन झाले आहे त्यात यश कसे मोजतात, आणि घसरलेल्या माणसाशी घरच्यांनी पुढचे काही आठवडे कसे वागावे? जाणकारांनी लिहावे, अनुभवींनीही लिहावे.

शेवभाजी (भुसावळ)

पोळा बैलांचा आणि झिंगतो मालक, ही रीत तुमच्या चाळीसगावापुरती नाही, त्यामुळे भावाला फार एकटे पाडू नका. धागा वाचतो आहे.

केळीबाग (रावेर)

मी वेगळे बोलणार आहे, राग मानू नये. माझ्या वडिलांनी मिसरूड फुटल्यापासून तंबाखू-चुना खाल्ला, आणि गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला त्या दिवशी चुन्याची डबी उकिरड्यावर फेकली ती कायमची. ना डॉक्टर, ना केंद्र, ना समुपदेशन. ज्याला सोडायचे असते तो सोडतो. ज्याला सोडायचे नसते त्याच्यासाठी आपण संशोधनाचे दाखले गोळा करतो. 'हा आजार आहे' असे एकदा म्हटले की पिणाऱ्याला आयते निमित्त मिळते, हेही मी दोन-चार घरांत पाहिले आहे.

अभ्यासिका (जळगाव)

केळीबागदादा, तुमचे वडील अपवाद नाहीत. तंबाखू सोडणारे बहुतेक जण कोणत्याही उपचाराशिवायच सोडतात, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. मात्र त्यांतल्या पुष्कळांच्या मागे सोडण्याचे फसलेले प्रयत्न असतात, आणि ते घरच्यांना कळलेलेही नसतात. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी यांनी १९८३ मध्ये धूम्रपान सोडणाऱ्यांविषयीची आपली मांडणी प्रसिद्ध केली. तीत माणूस विचार, कृती आणि टिकवणूक या टप्प्यांतून जाताना मधूनच मागे येतो आणि पुन्हा वाट धरतो, हे गृहीतच धरलेले आहे.

मूळ प्रश्नाबाबत माझ्या अभ्यासातले दोन मुद्दे मांडते. ॲलन मार्लट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ च्या सुमारास दाखवून दिले, की एकदा घसरल्यानंतर माणूस स्वतःला काय सांगतो यावर पुढचे बरेच अवलंबून असते. 'मी असाच आहे, माझ्याने होणार नाही' असे त्याने ठरवले, की दुसरा ग्लास पहिल्यापेक्षा सोपा होतो. 'ती जागा, ती वेळ आणि ती संगत माझ्यासाठी धोक्याची आहे' असे ठरवले, तर पुढच्या सणाला तो वेगळा वागू शकतो. गिरणाकाठ, तुमच्या काकांनी भावकीसमोर काढलेले उद्गार म्हणजे यांतले पहिले वाक्यच आहे, फक्त ते बाहेरून आले आहे.

दुसरा मुद्दा आकड्यांचा. मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये व्यसनाच्या उपचारांची तुलना मधुमेह, रक्तदाब आणि दमा यांच्याशी केली. उपचारानंतर वर्षभरात साधारण ४० ते ६० टक्के लोक पुन्हा व्यसनाकडे वळतात, आणि या जुनाट आजारांतही औषधे व पथ्य सोडल्याने त्रास उलटणाऱ्यांचे प्रमाण त्याच्या आसपास किंवा थोडे जास्तच असते. गोळ्या चुकल्या म्हणून रक्तदाब वाढलेल्या माणसाला 'याच्यावर आता खर्च नको' असे कोणी म्हणत नाही.

'आजार म्हटले की निमित्त मिळते' या आक्षेपावर ली रॉबिन्स यांचा व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात सुमारे ५ टक्के आणि तीन वर्षांत सुमारे १२ टक्केच पुन्हा व्यसनाधीन झाले. माणूस तोच होता. भोवतालची परिस्थिती बदलली होती.

सातपुड्याची_वाट (शहादा)

अभ्यासिकाताई, व्हिएतनामचे उदाहरण मला आपल्या बाबतीत उलट दिशेने जाणारे वाटते. तो सैनिक व्यसन मागे सोडून घरी आला. आपला माणूस केंद्रातून बाहेर पडतो आणि त्याच पारावर, त्याच टपरीसमोर, त्याच देणेकऱ्यांच्या दारात परत येतो. त्याचे 'व्हिएतनाम' गावातच आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर तर मोहाची दारू देवाला धार सोडण्यापासून लग्नापर्यंत आणि मयतापर्यंत लागते, त्यामुळे तिथे दारू पूर्ण वर्ज्य करणे म्हणजे जवळजवळ समाजातून उठणे होते. धार सोडण्याचे काम भावाने किंवा पुतण्याने करायचे, अशी वाट काही घरांनी काढली आहे, आणि मला ती कोणत्याही समुपदेशनापेक्षा कमी महत्त्वाची वाटत नाही.

येथे एक जुना संदर्भ द्यावासा वाटतो. १९७२ च्या सुमारास, शहादे धुळे जिल्ह्यात असताना, श्रमिक संघटनेच्या चळवळीतल्या भिल्ल बायकांनी दारूच्या अड्ड्यांवर जाऊन मडकी फोडली. नवऱ्यांची इच्छाशक्ती वाढण्याची वाट पाहत त्या बसल्या नाहीत.

केळीबाग (रावेर)

मडकी फोडून दारू संपली का, हेही सांगा. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे. माझ्या शेताच्या बांधावर कसल्या पुड्या पडलेल्या असतात, ते येऊन पाहा.

सातपुड्याची_वाट (शहादा)

दारू संपली नाही, हे मान्य. पण हाताशी असणे आणि दोन कोस चालून आणावी लागणे यांत फरक पडतो. घसरण बहुतेक वेळा त्या दोन कोसांच्या अलीकडेच होते.

निवृत्त_गार्ड (भुसावळ)

मी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, निनावी राहून एकमेकांच्या आधाराने दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेचा सभासद आहे, म्हणून माझे नाव कोणी विचारू नये. १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही पिणारे, एकमेकांना भेटले आणि त्यातून ही संघटना उभी राहिली.

गिरणाकाठ, तुमच्या दुःखाशी मी सहमत आहे, मताशी नाही. माझ्यासारख्या पूर्ण आहारी गेलेल्या माणसासाठी 'थोडी कमी केली' हे यश नसून पुढच्या घसरणीची सुरुवात असते. आमच्या पद्धतीवर संशोधन झालेले नाही असा समज आहे, म्हणून सांगतो, की २०२० मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांवर माणसांची माहिती एकत्र तपासली, आणि अखंड व्यसनमुक्त राहण्याच्या बाबतीत ही पद्धत इतर मान्यताप्राप्त उपचारांपेक्षा सरस असल्याचे त्यात दिसले.

पण मापाविषयी एक गोष्ट रेल्वेतली सांगतो. ड्यूटीवर हजर होताना लॉबीत श्वासातली दारू ओळखणाऱ्या यंत्रात फुंकर मारावी लागते. आमच्यातले काही जण रात्री किती वाजता थांबले म्हणजे सकाळी यंत्र गप्प राहील, याचा हिशेब करून पीत असत, आणि त्या हिशेबात ते वेळापत्रकापेक्षा अचूक होते. यंत्र आवश्यकच आहे, कारण मागे गाडीभर माणसे असतात. पण त्या यंत्रामुळे कोणाची दारू सुटलेली मी पाहिली नाही. आमच्या सभेत घसरलेला माणूस उभा राहून स्वतःच सांगतो, आणि त्याला कोणी उपदेश करत नाही. त्यामुळे पुढच्या आठवड्यातही तो येतो.

केळीबाग (रावेर)

गार्डकाकांचे म्हणणे पटले. आता एक सरळ प्रश्न विचारतो. माझ्या मेहुण्याला दारूची फार सवय आहे. एका नातेवाइकाने गोळ्यांचे पाकीट आणून दिले असून 'वरणात कुस्करून घाला, त्याला कळू देऊ नका, प्याला की उलट्या होतील आणि आपोआप सोडेल' असे सांगितले आहे. बहीण तयार झाली आहे. असे करावे का?

मनोवैद्य (धुळे)

केळीबागभाऊ, करू नका, आणि ताईंना आजच फोन करून थांबवा.

हे औषध बहुधा डायसल्फिराम असावे. त्याचा हा परिणाम १९४८ मध्ये डेन्मार्कमध्ये लक्षात आला. दारूचे शरीरात प्रथम ॲसिटाल्डिहाइड होते आणि एक विकर त्याचे पुढे विघटन करते. हे औषध त्या विकराचे काम थांबवते. त्यामुळे दारू पोटात जाताच चेहरा लाल होणे, धडधड, जोराच्या उलट्या आणि रक्तदाब एकदम खाली येणे असा त्रास सुरू होतो. हृदय किंवा यकृत आधीच कमकुवत असेल तर जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर जवळजवळ दोन आठवडे हा धोका राहतो. ज्याला माहीतच नाही तो नेहमीइतकीच पिणार. शिवाय पुढे कधीतरी वरणातली गोष्ट उघड झाली, की तो माणूस घरच्या ताटावर विश्वास ठेवत नाही आणि माझ्या चिठ्ठीवरही नाही. हेच औषध त्याच्या संमतीने, तपासण्या करून आणि रोज सकाळी पत्नीच्या समोर घेतले तर उपयोगी पडते. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधेही आहेत.

दुसरी सूचना सर्वांसाठी. रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू एकदम बंद करण्याचा प्रकार आपल्याकडे सर्रास होतो. शेवटच्या ग्लासानंतर साधारण ६ ते ४८ तासांत त्याला झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम, घाम, थरथर आणि भिंतीवर किडे दिसणे सुरू होऊ शकते. याला 'बाहेरचे लागले' म्हणून अंगाऱ्यावर वेळ घालवू नये, कारण ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे. रुग्णालयात ग्लुकोजच्या सलाइनपूर्वी ब-१ जीवनसत्त्व दिले जाते, तेही मेंदूला इजा होऊ नये म्हणूनच.

शेवभाजी (भुसावळ)

एसटी स्टँडच्या मुतारीवर 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा' अशी जाहिरात असते, तिच्या शेजारीच मूळव्याधीची असते. दोन्हींचा मोबाइल क्रमांक एकच असल्याचे पाहून मी आजवर हसत होतो. डॉक्टरांचे वाचल्यावर हसू येईनासे झाले.

आशाताई (साक्री)

मी गावात आशा म्हणून काम करते. माझ्याकडे दारूपेक्षा बायकांची मिसरी हा मोठा प्रश्न आहे, आणि तिला कोणी व्यसन मानतच नाही. सकाळी चुलीपुढे तव्यावर तंबाखू भाजायची, बोटाने दातांना लावायची, आणि पोट साफ होते म्हणून दिवसातून चार वेळा लावायची. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. सगळी चित्रे मात्र सिगारेटची असतात. एका गरोदर बाईने मला विचारले होते, 'ताई, मी कुठे ओढते?'

सोडू पाहणाऱ्यांना मी निकोटिनच्या गोळीविषयी सांगते. ती च्युइंगगमसारखी चावत राहायची नसते. झिणझिण्या येईपर्यंत थोडी चावून मग गालात धरून ठेवायची असते. तंबाखू खाणाऱ्याला हे तंत्र वेगळे शिकवावे लागत नाही. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६, इतर नशेसाठी १४४४६ आणि मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक मी घरोघरी लिहून देते.

डॉक्टरसाहेब, केंद्रे शहरांत, माणसे खेड्यांत. आमच्यासारख्यांना हे काम जमेल का?

अभ्यासिका (जळगाव)

आशाताई, याचे उत्तर शेजारच्या गोव्यात मिळाले आहे. संगत या संस्थेने तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर चाचणी केली आणि २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. समुपदेशन करणारे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण दिलेली स्थानिक सामान्य माणसे होती, आणि भेटी फार तर चार होत्या. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के घातक पिण्यातून बाहेर आले, तर न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. पुढे वर्षभरानंतरही फरक टिकून होता. या अभ्यासात 'घातक पिणे सुटले का' आणि 'पूर्ण बंद झाली का' ही दोन्ही मापे वेगवेगळी ठेवली होती. गिरणाकाठ यांच्या प्रश्नाला हे जवळचे आहे.

मनोवैद्य (धुळे)

एक पुस्ती जोडतो. गोव्याची चाचणी घातक प्रमाणात पिणाऱ्यांवर होती, गार्डकाकांनी वर्णन केलेल्या पूर्ण अवलंबित्वाच्या रुग्णांवर नव्हती. दोघांना एकच माप लावले की असा वाद होतो. बाकी २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणता ना कोणता उपचार मिळतो, त्यामुळे आशाताईंसारख्यांशिवाय हे काम होणारच नाही.

तापीची_लेक (जळगाव)

येथे विचारावे की नाही, या संभ्रमात होते. माझी मुलगी बारावीला आहे. आधी तिने भाकरीवरचे तेल आणि ठेच्यातले शेंगदाणे बाजूला काढणे सुरू केले, मग कळण्याची भाकरी नखाएवढ्या तुकड्यांत मोडून तासभर ताटाशी बसणे. श्रावणातले उपवास संपले तरी तिचे चालूच आहेत, आणि 'उपवास आहे' म्हटल्यावर आजी कौतुकच करते. पाळी थांबली आहे. विचित्र गोष्ट अशी, की ती स्वतः खात नाही, पण दिवसभर पाककृतींचे व्हिडिओ पाहते आणि भावाला आग्रहाने वाढते. पोटाच्या डॉक्टरांना सगळे तपासून काही सापडले नाही. आमच्याकडेही 'मन घट्ट कर आणि जेव' हेच चालले आहे.

मनोवैद्य (धुळे)

ताई, तुमचा प्रश्न या धाग्यात अगदी योग्य ठिकाणी आहे. पाककृती पाहण्याचे कोडे १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे ॲन्सेल कीज यांच्या प्रयोगात उलगडले. ३६ निरोगी तरुणांनी स्वेच्छेने सुमारे सहा महिने अर्धपोटी राहून जवळजवळ चतुर्थांश वजन कमी केले. ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले, एकेक घास रेंगाळत खाऊ लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. म्हणजे यांतली बरीच लक्षणे उपासमारीचीच असतात. मुलीचा हट्टी स्वभाव हे त्यांचे कारण नव्हे.

'जाड होईन' अशी भीती ती बोलून दाखवत नसेल, म्हणून हा खाण्याशी निगडित मानसिक आजार (उदा. ॲनोरेक्सिया) नाही असे समजू नका. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांना १९९० च्या दशकात असे अनेक रुग्ण आढळले, ज्यांची तक्रार फक्त पोट फुगण्याची किंवा भूक नसण्याची होती. उलट फिजीमध्ये १९९५ साली दूरचित्रवाणी आली, आणि १९९८ मध्ये ॲन बेकर यांनी पुन्हा पाहणी केली तेव्हा वजनासाठी उलट्या करणाऱ्या शाळकरी मुली ११.३ टक्के निघाल्या. आधी एकही नव्हती. दोन्ही वाटांनी हा आजार येतो आणि मानसिक आजारांत त्यातले मृत्यूचे प्रमाण फार मोठे आहे.

या आठवड्यातच वजन, नाडी, रक्तातले पोटॅशियम आणि ईसीजी करून घ्या. एकदम तूप-साखर घालून भरपूर खाऊ घालू नका. फार दिवसांच्या उपासमारीनंतर अचानक भरपूर अन्न गेले तर रक्तातले फॉस्फरस घसरून हृदय धोक्यात येते. या वयात संशोधनाचा सर्वांत जास्त आधार असलेली पद्धत अशी, की काही काळ जेवणाची सूत्रे आई-वडिलांनी हातात घ्यायची. ताटात काय आणि किती, हे तुम्ही ठरवायचे, शेजारी बसायचे, वाद घालायचा नाही. आजींना सांगा, की डॉक्टरांनी तिचे उपवास बंद केले आहेत.

आणि गिरणाकाठ, अन्न कोणाला वर्ज्य करता येत नाही. 'पुन्हा कधीच नाही' हे माप तिथे लागूच होत नाही. रोजच्या प्रत्येक ताटाशी नव्याने जमवून घ्यावे लागते. व्यसनाच्या क्षेत्राने या बाजूकडून थोडे शिकायला हरकत नाही.

प्रश्नचिन्ह (अमळनेर)

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पत्त्यांचा जुगार खेळतात, तो कशात मोडतो? वर्षातून एकदा खेळणारे आमचे आबा व्यसनी का?

अभ्यासिका (जळगाव)

आबा नव्हेत. पण आखाजी संपल्यावरही मोबाइलवर तोच डाव चालू ठेवणारा नातू असू शकतो. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ मध्ये जुगाराचा समावेश व्यसनांच्या गटात केला, तो असे नुकसान होऊनही थांबता न येणाऱ्यांसाठी.

केळीबाग (रावेर)

गोळ्यांचे पाकीट बहिणीकडून परत घेतले आहे. मेहुण्याला सांगितले, तर आधी चिडला, मग 'डॉक्टरकडे येतो, पण तू सोबत ये' म्हणाला. इच्छाशक्तीविषयीचे माझे मत मी सोडलेले नाही. केळीची निसवण झाली की चांगल्या झाडालाही टेकू द्यावा लागतो, इतकेच आता त्याला जोडतो.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

सर्वांचे आभार. काकांना काही पटलेले नाही, पण वहिनींनी धागा वाचून दाखवायला सांगितले. डॉक्टरसाहेब, तुम्ही तुमच्या नोंदीत नक्की काय लिहिता?

मनोवैद्य (धुळे)

मागच्या महिन्यात किती दिवस प्याला आणि त्या दिवशी किती, झोप, कामावरचे खाडे, घरातली मारहाण थांबली का, यकृताचा अहवाल, आणि ठरलेल्या तारखेला तो आला का. शेवटच्या नोंदीकडे मी सर्वांत आधी पाहतो. पिऊन झाल्यावरही जो तारखेला येतो त्याच्याबाबत मला फारशी काळजी वाटत नाही. 'सगळे उत्तम आहे' असे फोनवर सांगून न येणाऱ्याबाबत वाटते. भावाला पोळ्याच्या दिवसाचा हिशेब विचारू नका. दसरा-दिवाळीला तो कोणाबरोबर, कुठे असेल, हे त्याच्यासोबत बसून आत्ताच ठरवा.

निवृत्त_गार्ड (भुसावळ)

डॉक्टरांच्या वहीत सहा रकाने असू देत, माझ्या वहीत एकच राहील. तरी तारखेला येण्याचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

गार्डकाका, भाऊ सभेला यायला तयार नाही. वहिनींना एकटीला येता येईल का?

निवृत्त_गार्ड (भुसावळ)

खुल्या सभेला घरच्यांनाही येता येते, आणि पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉन ही वेगळी संघटना १९५१ पासून आहे. शुल्क नाही, नाव विचारले जात नाही. वेळ आणि ठिकाण व्यनितून (खासगी निरोपातून) पाठवले आहे. भावाला आग्रह करू नका; आधी वहिनीच आल्या तरी चालेल.